चुकल्याचुकल्यासारखं

माणसाचा आवाज त्याच्या गळ्यात असतो, असं पुष्पलता भोयर यांना सत्तर वर्षं वाटत होतं. तो ऐकणाऱ्याच्या कानात असतो, हे त्यांना एका मंगळवारी दुपारी कळलं, आणि कळलं तेही स्वतःच्याच एका साध्या वाक्यावरून.

पुलगावात त्यांना पुष्पलता म्हणून कोणी ओळखत नसे. त्या भोयर सिस्टर. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. गावातल्या निम्म्या माणसांना या जगातला पहिला स्पर्श झाला तो त्यांच्या हातांचा. पोस्टातला कारकून असो की शाळेची मुख्याध्यापिका, बाजारात समोरून कोणी ऐटीत येताना दिसलं की सिस्टर नवऱ्याला हळूच सांगत, "याला मी उघडा पाहिला आहे."

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. गावातली बाळंतपणं वर्ध्याला, नागपूरला जाऊ लागली आणि सल्ला विचारायला दारात येणाऱ्या पोरीही कमी झाल्या. आता पोरी विचारत त्या 'दुडूदुडू'वर. दीडेक लाख मराठी आईबापांचा हा ऑनलाइन कट्टा अकोल्यापासून ऑकलंडपर्यंत पसरलेला होता. दोन हजार चव्वेचाळीस सालीही बाळाला शी का होत नाही हा प्रश्न तितकाच जुना आणि तितकाच घाबरवणारा होता. कट्ट्याचे नियम दोनच. मागितला तरच सल्ला द्यायचा. आणि देण्याआधी कान लावायचा.

हा कान म्हणजे काय, ते सांगायला हवं.

मनातल्या मनात वाचतानाही माणूस गप्प नसतो. गळ्याचे बारीक स्नायू हलतात, जिभेच्या मुळाशी कंप उठतो, इतका सूक्ष्म की ज्याचा त्याला पत्ता लागत नाही. आवाज गेलेल्या रोग्यांना पुन्हा बोलतं करण्यासाठी मानेला लावायची एक पट्टी निघाली होती. ती हा कंप टिपून त्याचा आवाज करायची. पुढे त्या पट्टीचा गळ्यात घालायचा मणी झाला, बऱ्याच लोकांच्या गळ्यात आला, आणि तेव्हा एक निराळीच गोष्ट उघडकीला आली. माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःच्या आवाजात वाचतच नाही. दुकानदाराचा निरोप एका सुरात वाचतो, सासूचा दुसऱ्या. झोप झालेली बाई जे वाक्य हसून वाचते, तेच वाक्य तीन रात्री जागलेली बाई अंग चोरून वाचते. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. तो वाचणारी देते, आणि आपल्या आयुष्यात साठलेल्या आवाजांतून काढून देते. कधीकधी तर तो कोणाचा आवाज आहे हे ओळखू यावं इतका हुबेहूब.

तर दुडूदुडूवरची एखादी आई राजी असली, तर ती आपला कान कट्ट्याला उसना द्यायची. यंत्र तिच्या वाचण्याची लकब शिकून घ्यायचं. सल्ला देणाऱ्यानं आपलं वाक्य लिहायचं, कानात ऐकायचं इवलंसं बोंडूक घालायचं आणि पाठवण्याआधी ते वाक्य त्या आईला कसं ऐकू येईल ते ऐकायचं. तिच्या मनातलं दुसरं काही कळत नसे. अर्थही नाही. फक्त सूर.

त्या मंगळवारी परभणीच्या एका पोरीनं विचारलं होतं की वीस दिवसांच्या बाळाला दूध प्यायल्यावर दर वेळी उचकी लागते, मला फार भीती वाटते. सिस्टरांनी असे प्रश्न हजारदा ऐकले होते. त्यांनी लिहिलं, "अगं, एवढं काय घाबरतेस? उचकी म्हणजे काय आजार आहे का? पाजून झालं की बाळाला नीट धर, आपोआप थांबते."

सल्ला सोळा आणे बरोबर होता. त्यांनी बोंडूक कानात घातलं.

जो आवाज आला तो कोणा थंड, कोरड्या बाईचा. भर वॉर्डात, सगळ्यांसमोर, हातातली फाइल खाली न ठेवता बोलावं तसा. 'एवढं काय' मध्ये हेटाळणी होती. आणि 'नीट' या शब्दाशी येऊन तो आवाज असा थांबला, की जणू परभणीच्या त्या पोरीनं आजवर आयुष्यात एकही गोष्ट नीट केली नव्हती.

सिस्टरांनी बोंडूक ओढून काढलं.

"काऊन गं, काय झालं?" नामदेवराव म्हणाले. ते रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले, झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"माह्या बोलण्याची या मशीननं पार वाट लावली. मी असं बोलतो का हो कधी?"

"मले त रोज असंच ऐकू येते."

सिस्टर हसल्या नाहीत. हेच वाक्य त्यांनी वॉर्डात किती वेळा म्हटलं असेल. 'एवढं काय घाबरतेस?' म्हणायचं आणि त्याच वेळी पोरीच्या कपाळावरचे घामट केस मागे सारायचे. 'नीट धर' म्हणायचं आणि स्वतःच तिचा कोपर धरून बाळाच्या मानेखाली सरकवायचा. पोरी रडता रडता हसायच्या. तेव्हाच्या वॉर्डात पंखा एकच होता, एका खाटेवर दोन बाळंतिणी असायच्या, पण प्रत्येकीपर्यंत हात पोचायचा. आज त्यांना कळलं की अर्धं बोलणं हात बोलत होता. हात गेला आणि नुसतं वाक्य उरलं.

त्यांनी वाक्य पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा ऐकलं. 'एवढं काय' काढलं, आवाज थोडा उतरला. 'आजार आहे का' काढलं. शेवटी त्या 'नीट'पाशी आल्या. अवघी दोन अक्षरं, पण काटा तिथेच होता. त्यांनी लिहिलं, "वीस दिवसांच्या बाळाला उचकी लागली की कोणाच्याही पोटात धस्स होतं. बहुतेक बाळांना लागते आणि तिचा त्यांना त्रास होत नाही. दूध पिऊन झालं की दहा मिनिटं त्याला तुझ्या खांद्यावर उभं घेऊन बघ. डोक्यामागे तुझा तळवा ठेव." कानात आता एक थोराड, घरगुती आवाज आला. परभणीच्या त्या पोरीची मावशी असेल, आत्या असेल, कोण जाणे. तो आवाज तिला आवडत होता एवढं खरं.

"तळवा ठेव," सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या. नीट धर म्हणजे काय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच शब्दांत सांगितलं होतं.

आणि मग, इतका वेळ थोपवून धरलेली आठवण आली. प्रांजलीची.

प्रांजली त्यांची एकुलती एक मुलगी. साडेपाच वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ओजस दीड महिन्याचा असताना एका संध्याकाळी काही केल्या रडायचा थांबेना. प्रांजली त्याला घेऊन खोलीत फेऱ्या घालत होती, रडवेली झाली होती. दिवसभर गावातल्या दुसऱ्या बाळंतिणीकडे राबून आलेल्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "दे इकडे. तुला नीट धरता येत नाही." आणि बाळ तिच्या हातातून घेतलं. बाळ तिसऱ्या मिनिटाला झोपलं. सिस्टरांना त्याचा अभिमानच वाटला होता.

चौथ्या दिवशी प्रांजली नाशिकला निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. बरं आहे. हो. जेवलो. ठेवते. दिवाळीला येणं दोन दिवसांचं झालं. आणि आता दुसऱ्या वेळी दिवस गेले, सातवा लागला, तेव्हा आवाजावर साय धरावी तशा मऊपणानं ती म्हणाली, "आई, तू धावपळ करू नकोस. आम्ही बाई ठेवली आहे."

छत्तीस वर्षं परक्या पोरींची बाळंतपणं केलेल्या बाईला पोटच्या पोरीनं हे सांगावं. सिस्टरांनी ते कोणालाच सांगितलं नाही. नामदेवरावांना माहीत होतं, पण त्यांनीही विषय काढला नाही. सिग्नलवाल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

प्रांजलीच्या गळ्यातही मणी होता, आजकाल कोणाच्या नसतो? पण कान उसना द्यायचा तर ज्याचा त्यानं द्यावा लागतो. तिनं आईला दिलेला नव्हता.

त्या मंगळवारनंतर सिस्टर दुडूदुडूवर रोज बसू लागल्या. दुपारची भांडी झाली की चष्मा, पाण्याचा तांब्या आणि बोंडूक. यंत्राचा त्यांना राग आला होता तो गेला आणि त्याजागी, वॉर्डातल्या जुन्या मेट्रनबद्दल वाटायचा तसा, एक धाकयुक्त आदर आला. तेही न रागावता चूक दाखवायचं, आणि पुन्हा पुन्हा दाखवायचं. काही आठवड्यांतच त्या इतक्या तयार झाल्या की लोक मुद्दाम त्यांचं नाव घेऊन विचारू लागले. लातूरच्या एका बापानं लिहिलं, "सिस्टर, तुम्ही सांगितलं की मला मी मूर्ख आहे असं वाटत नाही. बायको सांगते तेव्हा वाटतं."

मात्र गोड बोलणं म्हणजे आदर, असं सिस्टरांनी कधी मानलं नाही. एकदा एकीनं विचारलं की दोन महिन्यांच्या बाळाला ताप आहे, घरातले म्हणतात उद्यापर्यंत वाट पाहू, तुळशीचा रस देऊ का? सिस्टरांनी लिहिलं, "काहीही देऊ नकोस. आत्ता उठ आणि दवाखान्यात ने. एवढ्या लहान बाळाच्या तापाला वाट पाहायची नसते." कान लावला तर खणखणीत थोबाडीत मारावी तसा सूर आला. त्यांनी तो ऐकला, आणि एक अक्षर न बदलता वाक्य पाठवून दिलं. बाळ आठ दिवसांनी घरी आलं. त्या आईनं नंतर लिहिलं, "तुम्ही ओरडलात म्हणून मी सासऱ्यांना न विचारता निघाले."

मुक्ता वैराळे या गोष्टीवर फार खूश झाली. मुक्ता पुण्याची, पस्तिशीची, भाषाशास्त्र शिकलेली. हा कान मराठीत आणण्याच्या कामात ती होती आणि कट्टाही तीच सांभाळायची. तिनं फोन करून सांगितलं, "सिस्टर, आमचं यंत्र कधी ऐकायचं नाही, हे तुमच्याकडून शिकावं लागेल."

"ऐकायचं त सगळंच," सिस्टर म्हणाल्या. "करायचं आपल्या मनाचं."

आषाढात मुक्ताचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"सिस्टर, एक अडलं आहे. केतकी नावाची मुलगी आहे. बडोद्याची, लग्न होऊन कोइमतूरला असते. तिच्या प्रश्नाला सेहेचाळीस जणांनी उत्तरं दिली आहेत. सगळी चांगली, समजूतदार, कान लावून लिहिलेली. पण तिचा कान काही केल्या उबदार होत नाही. रागही नाही त्यात. नुसता लांबून आल्यासारखा, बंद दारापलीकडचा आवाज. काल तिनं लिहिलं, जाऊ दे, कट्टा सोडते. तुम्ही एकदा बघाल?"

सिस्टरांनी प्रश्न उघडला. केतकीनं लिहिलं होतं:

"बाळ तीन महिन्यांचं आहे. दूध पितं, झोपतं, वजन वाढतं आहे. नवरा खूप मदत करतो. सगळं छान आहे. पण रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेतलं की मला चुकल्यासारखं वाटतं. काय करू?"

खाली उत्तरांची रांग. तुमचं काहीही चुकत नाही. प्रत्येक आईला असं वाटतं. स्वतःला दोष देऊ नका. परिपूर्ण आई कोणीच नसते. तुम्ही उत्तम करत आहात. एकीनं तर चुका होतात त्या कशा स्वीकाराव्यात याचे धडेच दिले होते. केतकीनं मध्ये एकदा विचारलं होतं, "माझं काही चुकतं आहे असं मी म्हटलं का? आता मलाच शंका येऊ लागली आहे." तर त्यावर आणखी अकरा जणांनी तिचं सांत्वन केलं होतं.

सिस्टरांनी तीन वेळा उत्तर लिहिलं, तीन वेळा कान लावला. तिन्ही वेळा तोच आवाज, पलीकडच्या घरात कोणीतरी कोणाशी तरी बोलत असावं तसा. त्यांनी चष्मा काढला.

"काय वाचून राहिली एवढं?" नामदेवरावांनी विचारलं. त्यांना आताशा कमी ऐकू येत असे, म्हणून सिस्टरांनी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला.

नामदेवरावांनी मान हलवली. "बरं मग? कोण गेलं तिच्या घरचं?"

"कोण कुठे जाईल? ती म्हणते, तिले चुकल्यासारखं वाटते."

"तेच त म्हणून राहिलो ना मी. चुकल्याचुकल्यासारखं कधी वाटते माणसाले? घरचं कोणी गावाले गेलं की. तू रात्रपाळीले जायची तं मले नाही वाटे? भाकर गिळे ना."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एक तर या गोष्टीसाठी, आणि दुसरं म्हणजे भाकर गिळत नव्हती हे त्यांना चाळीस वर्षांनी कळलं म्हणून.

मराठी किती लबाड भाषा आहे. चुकलं म्हणजे हातून वावगं झालं. पण चुकल्याचुकल्यासारखं म्हणजे नेहमीचं माणूस नेहमीच्या जागी नाही, पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तो हवेत पडावा तसं. बडोद्यात वाढलेली, कोइमतूरला इंग्रजीत संसार करणारी पोर. आईच्या तोंडचा शब्द तिनं आठवून आठवून वापरला आणि त्यातलं एक 'चुकल्या' वाटेत सांडलं. तेवढ्यावर सेहेचाळीस माणसं आणि एक थोर यंत्र तिला न मागितलेली माफी देत बसली. कान सूर बरोबर सांगत होता. तो थंड होता कारण सगळे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. अर्थ सांगणं त्याचं काम नव्हतं.

सिस्टरांनी आधीचं सगळं पुसलं आणि चारच शब्द लिहिले.

"संध्याकाळी कोण आठवतं गं?"

कान लावला. आधी काहीच आलं नाही. त्यांना वाटलं, बोंडूक बिघडलं. मग एका प्रौढ बाईचा आवाज आला. शब्दांच्या शेवटी गुजरातीचा हलका हेल, जरा घोगरा, घाई नसलेला. 'गं' तर असा ओढलेला, की त्यात दोन्ही हात पसरलेले दिसावेत. सिस्टरांनी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण ती कोण हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. केतकी कोणाचं वाक्य कोणाच्या आवाजात वाचणार होती, ते कळलं होतं.

त्यांनी वाक्य पाठवलं.

दहा मिनिटांनी केतकीचं उत्तर आलं, आणि ते थांबेचना. आई कार्तिकात गेली होती. तेव्हा केतकीला पाचवा महिना होता. दिवेलागणीला आई तिला लहानपणी मांडीवर घेऊन पाय चोळायची आणि तोंडानं काहीतरी म्हणायची. गाणं नव्हे, नुसतं बोलणं, तालावर. आता बाळाला मांडीवर घेतलं की केतकीचे हात आपोआप त्याचे पाय चोळू लागतात आणि तोंड उघडतं, पण शब्द येत नाहीत. घरात दुसरं कोणी मराठी बोलत नाही. "मला फक्त विचारायचं होतं, की त्या वेळी काय म्हणतात."

सिस्टरांनी लिहिलं, "तुझ्या आईचे शब्द माझ्याकडे नाहीत, बाळा. ते तिच्याबरोबर गेले. माझे आहेत ते उसने घे, आणि आठवतील तसे तुझे घाल." मग त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि छत्तीस वर्षं वॉर्डातल्या बाळांना तेल लावताना जे बडबडत आल्या ते म्हणून दाखवलं. "हा पाय शाळेत जाईल, हा पाय जत्रेत जाईल. हा हात भाकर देईल, हा हात भाकर घेईल. पोटोबाचं काय काम? पोटोबा नुसतं हसेल." त्याला चाल नव्हती आणि धड यमकही नव्हतं. पण त्यात तेलाच्या वाटीचा आवाज होता.

दोन दिवसांनी मुक्ताचा फोन आला. केतकीनं कट्टा सोडला नव्हता. उलट पोटोबाच्या पुढे तिला स्वतःच्या आईची एक ओळ आठवली होती.

"सिस्टर, मी सात वर्षं भाषाशास्त्र शिकले," मुक्ता म्हणाली. "आणि आमच्या यंत्राला एवढ्या मराठीवर वाढवलं. तरी सापडलं नाही. तुम्हाला कसं सापडलं?"

"मला नाही सापडलं. आमच्या इथं एक बहिरा सिग्नलवाला आहे, त्याला सापडलं."

झोपाळ्यावरून नामदेवराव म्हणाले, "बहिरा कोण?"

मुक्ता मनमोकळी हसली आणि मग तिनं जी गोष्ट केली तिचं सिस्टरांना फार कौतुक वाटलं. तिनं केतकीच्या परवानगीनं तो सगळा संवाद कट्ट्यावर वर लावला आणि खाली लिहिलं, 'उत्तर देण्याआधी प्रश्न पुन्हा एकदा विचारून घ्या. हा नियम आम्हाला आधी सुचायला हवा होता.' सेहेचाळीसपैकी तीस-पस्तीस जणांनी केतकीला आपापल्या घरातली तेल लावतानाची बडबड म्हणून पाठवली. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, बडोद्याचीसुद्धा. माणसं वाईट नव्हतीच कधी. त्यांना फक्त बरोबर प्रश्न मिळाला नव्हता.

त्या संध्याकाळी सिस्टर फोन घेऊन अंगणात बसल्या. प्रांजलीला आठवा लागला होता. साडेपाच वर्षं त्यांनी मनात किती उत्तरं रचली होती. मी थकले होते. माझा हेतू तसा नव्हता. तुझ्याच भल्यासाठी. आज त्यांना दिसलं की त्या सेहेचाळिसांसारखी त्यांचीही सगळी उत्तरं होती, आणि लेकीला त्यांनी एकदाही काही विचारलं नव्हतं. ना कधी स्वतःचं काही सांगितलं.

कान नव्हता. अंधारात सुई ओवावी तसं त्यांनी एकेक अक्षर लिहिलं.

"प्रांजली, तू त्या वेळी गेलीस तेव्हापासून मला चुकल्यासारखं वाटतं."

आणि धाडकन पाठवून दिलं, नाहीतर पुसलं गेलं असतं.

उत्तर यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात कुकर झाला, दिवा लावून झाला, नामदेवरावांनी दोनदा "काही आलं का?" विचारलं. मग फोन वाजला.

"चुकल्यासारखं, की चुकल्याचुकल्यासारखं?"

सिस्टर भिंतीला टेकल्या. लेक त्यांचीच होती. शब्द सांडणारी नव्हती.

"दोन्ही," त्यांनी लिहिलं.

बराच वेळ फोनवर नुसते ठिपके हलत राहिले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग अक्षरं आली ती प्रांजलीची नव्हती, यंत्राची होती. प्रांजली भोयर यांनी तुम्हाला कान उसना दिला आहे.

बोंडूक खिशातच होतं. सिस्टरांनी ते बाहेर काढलं, हातात धरलं आणि पुन्हा खिशात टाकलं. काही प्रश्न आवाज न तपासता विचारायचे असतात.

"मी येऊ?"

या वेळी उत्तर लगेच आलं. "ये. बाई सकाळचीच आहे. संध्याकाळी मला कोणी नाही."

"अहो," सिस्टरांनी हाक मारली, "बॅग काढा माळ्यावरची."

"कोणाची? एकाची का दोघांची?"

"एकाची. तुम्ही मागून या. तोवर भाकर गिळते का पहा."

नामदेवराव स्टूल शोधायला गेले. सिस्टरांनी लेकीला लिहायला घेतलं. इतक्या वर्षांची सवय, बोटं आपणहून चालली. "बरं. येते. तोवर नीट राहा."

आणि त्यांचं बोट जागीच थांबलं. नीट. तोच शब्द, तोच काटा. त्या पुसायला गेल्या, पण पुसण्याआधी त्यांनी बोंडूक काढून कानात घातलं. काय ऐकायचं ते एकदा ऐकून घ्यावं.

आवाज आला तो त्यांचाच होता. पण आजचा नव्हे. तीस वर्षांपूर्वीचा, रात्रपाळीला निघताना दारातून वळून बोललेला, अंगाला डेटॉलचा वास असलेला, पाच वर्षांच्या पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारता सारता. नीट राहा.

त्यात काटा कुठेच नव्हता. त्यांनी शब्द होता तसा राहू दिला आणि पाठवून दिला.